जुडीपासून बिंदूपर्यंत : क्ष-किरणांची सूक्ष्म शलाका आणि तंतूंच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाचे श्रेय बहुधा कल्पनेला किंवा प्रतिकृतीला दिले जाते. प्रथिनांच्या सर्पिल रचनेचा विषय निघाला की लायनस पॉलिंग यांचे नाव पुढे येते, तर डीएनएचा दुहेरी सर्पिल म्हटले की वॉटसन आणि क्रिक यांचे. या दोन्ही शोधांचा पाया तंतूंच्या क्ष-किरण विवर्तन-चित्रांवर उभा होता. परंतु ती चित्रे घेणारी उपकरणे, आणि त्या उपकरणांतून निघणाऱ्या शलाकेची जाडी, यांची दखल इतिहासलेखनात तळटीपेपलीकडे क्वचितच घेतली गेली आहे. वस्तुतः तंतूविषयी कोणता प्रश्न विचारता येईल हेच मुळी शलाकेच्या जाडीने ठरत आले. शलाका मिलिमीटरभर रुंद होती तोवर संशोधकाला तंतूंच्या जुडीचा अभ्यास करणे भाग होते. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी झाली तेव्हा एकटा तंतू तपासता येऊ लागला, आणि ती काही मायक्रोमीटरवर आल्यावर एकाच तंतूच्या सालीत व गाभ्यात काय फरक आहे हे पाहता आले. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचा मागोवा घेतला आहे.

जुडीचा काळ

क्ष-किरणांचे स्फटिकांतून विवर्तन होते हे माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून म्युनिक येथे १९१२ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर वर्षभरातच, १९१३ मध्ये, जपानमधील शोजी निशिकावा आणि एस. ओनो यांनी तंतुमय पदार्थांतून क्ष-किरण पाठवून चित्रे घेतली. ज्या पदार्थांना कोणी स्फटिक म्हणत नव्हते त्यांच्यातही काही सुसूत्र रचना आहे, असा संकेत त्या चित्रांत होता. मात्र युरोपात त्याकडे फारसे लक्ष गेले नाही, आणि हाच शोध १९२० मध्ये बर्लिन-डालेम येथील तंतुरसायन संस्थेत हेर्झोग व यांके यांनी पुन्हा लावला. त्यांच्या चित्रांतील ठिपक्यांचा अर्थ लावण्याचे काम त्याच संस्थेत नव्याने आलेल्या मायकेल पोलान्यी यांच्याकडे आले.

पोलान्यी यांचे विवेचन आजही तंतू-विवर्तनाचा पाया मानले जाते. तंतूतील सूक्ष्म स्फटिकांचा लांबीचा अक्ष साधारणपणे तंतूच्या दिशेने असतो. परंतु त्या अक्षाभोवती प्रत्येक स्फटिक वाटेल तसा फिरलेला असतो. म्हणून स्थिर तंतूचे चित्र हे फिरत्या स्फटिकाच्या चित्रासारखे दिसते. ठिपके आडव्या ओळींत पडतात आणि ओळींमधील अंतरावरून रेणूची रचना किती अंतराने पुन्हा येते ते काढता येते. सेल्युलोजच्या बाबतीत हे अंतर सुमारे १०.३ अँगस्ट्रॉम निघाले. स्फटिक अक्षापासून जितके कललेले, तितका ठिपका ताणला जाऊन त्याचा चाप होतो. म्हणजे ठिपक्याची जागा रेणूविषयी सांगते, तर त्याचा पसरटपणा शिस्तीविषयी.

येथे एक गफलत झाली आणि ती काही वर्षे टिकली. एकक कोश इतका लहान, तेव्हा रेणूही त्याहून मोठा नसणार, असा निष्कर्ष अनेक रसायनशास्त्रज्ञांनी काढला. हेर्मान श्टाउडिंगर महारेणूंची कल्पना मांडत होते आणि हा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध वापरला जात होता. एकच लांब साखळी अनेक कोशांतून आरपार जाऊ शकते ही गोष्ट कॅलिफोर्नियातील स्पॉन्सलर व डोर यांच्या १९२६ च्या कामातून, आणि पुढे १९२८ मध्ये कुर्ट मायर व हेर्मान मार्क यांच्या प्रतिकृतीतून स्थिर झाली. बहुवारिकांच्या विज्ञानाचा जन्म असा काही अंशी एका विवर्तन-चित्राच्या चुकीच्या वाचनातून सुटका करून घेताना झाला.

विल्यम ॲस्टबरी १९२८ मध्ये लीड्स विद्यापीठात गेले ते लोकरीच्या उद्योगासाठी. लोकरीचा ओला तंतू ताणला की त्याचे चित्र संपूर्णपणे बदलते हे त्यांनी दाखविले आणि न ताणलेल्या व ताणलेल्या केराटिनला अनुक्रमे अल्फा व बीटा ही नावे दिली. केस, नख, शिंग, पिसे, स्नायू, जे हाती येईल ते त्यांनी शलाकेसमोर धरले. भुईमुगाच्या प्रथिनापासून आर्डिल नावाचा कृत्रिम तंतू तयार झाला तो त्यांच्याच विचारांच्या आधाराने, आणि त्या कापडाचा ओव्हरकोट ते स्वतः मिरवीत असत. ॲस्टबरी यांच्या सहकारी फ्लॉरेन्स बेल यांनी डीएनएची पहिली उपयुक्त चित्रे घेतली, आणि १९३८ मध्ये दोघांनी त्यातील ३.३४ अँगस्ट्रॉमचे अंतर प्रसिद्ध केले. लगतच्या दोन न्यूक्लिओटाइडांमधील हे अंतर पुढे बरोबर ठरले. परंतु चित्र मात्र धूसर होते, कारण नमुन्यात डीएनएची दोन रूपे मिसळलेली होती.

या काळातील सर्व निष्कर्ष जुडीवरून काढलेले आहेत हे विसरता कामा नये. कापसाच्या अभ्यासात हीच पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तंतूंची जुडी समांतर लावून चित्र घ्यावयाचे, चापाचा कोन मोजावयाचा आणि त्यावरून तंतूच्या बळकटीचा अंदाज करावयाचा. मुंबईत माटुंगा येथे भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने १९२४ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगशाळेतही, म्हणजे सध्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, तंतूची रचना आणि बळकटी यांचा संबंध क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यासला गेला. वाणांची तुलना करण्यास ही पद्धत पुरेशी आहे. पण जुडीत शेकडो तंतू असतात, त्यांपैकी काही वाकडे बसतात, काही पिळलेले असतात. आणि चापाचा पसरटपणा तंतूच्या आतील बेशिस्तीमुळे आला की मांडणीतील ढिसाळपणामुळे, हे चित्र पाहून सांगता येत नाही.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही कशा आड येतात याचे एक उदाहरण केराटिनच्याच इतिहासात आहे. पॉलिंग यांनी १९५१ मध्ये अल्फा सर्पिलाची रचना मांडली तेव्हा तिच्यानुसार सर्पिलाचा एक वेढा ५.४ अँगस्ट्रॉमचा होता, तर ॲस्टबरी यांच्या चित्रांत ५.१ अँगस्ट्रॉमची खूण होती. रचना खरी असेल तर १.५ अँगस्ट्रॉमची आणखी एक खूण दिसली पाहिजे, हे केंब्रिजमधील मॅक्स पेरुत्झ यांच्या लक्षात आले. त्यांनी घोड्याचा केस शलाकेला काटकोनात न धरता कलता धरला, सपाट पट्टीऐवजी गोलाकार फिल्म लावली आणि ती खूण सापडली. वीस वर्षे ती जागेवरच होती. ॲस्टबरी यांच्या मांडणीत ती पट्टीच्या बाहेर पडत होती.

दक्षिणेत मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतील कंडरेच्या चित्रांच्या आधारे. साधने बेताची असतानाही चांगला नमुना आणि नेमका विचार यांच्या बळावर किती मजल मारता येते याचा हा दाखला होय.

एक तंतू, बासष्ट तास

शलाका बारीक करावी ही कल्पना सुचावयास अवघड नव्हती. अडचण हिशेबाची होती. मिलिमीटरभर जाडीच्या जुडीऐवजी दहा मायक्रोमीटरचा एक तंतू घेतला आणि शलाकाही तेवढीच केली, तर शलाकेचे क्षेत्रफळ दहा हजारांश होते आणि पदार्थाची जाडी शंभरांश. म्हणजे किरण विखुरणारा पदार्थ दहा लाखांश उरतो. नळीतून येणारे किरण केवळ छिद्राने अडवून शलाका बारीक केली, तर चित्र उमटण्यास महिने लागतील. भिंगाने किरण एकवटावे म्हटले तर तेही शक्य नव्हते. दृश्य प्रकाशाला वळविणारी काच क्ष-किरणांना जवळजवळ वळवीत नाही, हे खुद्द रॉन्टजेन यांनी १८९५ मध्येच पाहिले होते.

लंडनच्या बर्कबेक कॉलेजात वेर्नर एहरेनबर्ग आणि वॉल्टर स्पिअर यांनी ही अडचण दुसऱ्या टोकाकडून सोडविली. क्ष-किरण एकवटता येत नसतील तर ते ज्या इलेक्ट्रॉनांपासून निर्माण होतात ते तरी एकवटता येतात. विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांचा झोत धातूच्या लक्ष्यावर सुमारे ४० मायक्रोमीटरच्या ठिपक्यात आणून त्यांनी सूक्ष्मकेंद्री नळी तयार केली आणि तिचे वर्णन १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. उगमच लहान व तेजस्वी असल्याने बारीक शलाकेतही पुरेसे किरण राहू लागले. या दोघांची नावे डीएनएच्या लोकप्रिय इतिहासात जवळजवळ सापडत नाहीत. एहरेनबर्ग यांनी १९४९ मध्ये साइडे यांच्यासमवेत पुंज भौतिकीतील ज्या परिणामाचे भाकीत केले तो पुढे आहारोनोव्ह व बोम यांच्या नावाने ओळखला गेला. स्पिअर यांचे कार्य पुढे अस्फटिक सिलिकॉनच्या क्षेत्रात गाजले. तरी १९५१ च्या नळीचे श्रेय त्यांच्या खात्यावर फारसे कोणी मांडत नाही.

लंडनच्याच किंग्ज कॉलेजात ही नळी पोचली तेव्हा तेथे डीएनएचे काम सुरू झालेले होते. बर्न येथील रुडॉल्फ सिग्नर यांनी तयार केलेला उत्कृष्ट डीएनए मॉरिस विल्किन्स यांना १९५० मध्ये मिळाला होता, आणि विल्किन्स व रेमंड गॉस्लिंग यांनी त्याचे बारीक तंतू ओढून, अनेक तंतू एकत्र लावून स्पष्ट चित्र मिळविले होते. हवेतील विखुरणाने फिल्म काळवंडते म्हणून त्यांनी कॅमेऱ्यात हायड्रोजन भरला. रोझलिंड फ्रँकलिन जानेवारी १९५१ मध्ये तेथे रुजू झाल्या. त्यांनी केलेला बदल वरवर पाहता किरकोळ वाटेल. हायड्रोजन क्षारांच्या द्रावणांतून नेऊन त्यांनी कॅमेऱ्यातील आर्द्रता हवी तेवढी ठेवण्याची व्यवस्था केली, आणि जुडीऐवजी एकच तंतू सूक्ष्मकेंद्री नळीसमोर लहान कॅमेऱ्यात बसविला.

सुमारे ७५ टक्के आर्द्रतेत तंतूचे चित्र टोकदार ठिपक्यांचे येई. आर्द्रता ९० टक्क्यांपलीकडे गेली की तंतू लांबे आणि चित्र अगदी वेगळे होई. डीएनएची ए आणि बी ही दोन रूपे अशी अलग झाली. ॲस्टबरी आणि बेल यांच्या चित्रातील धूसरपणाचा उलगडा येथे होतो. जुडीत किंवा जाड पट्टीत काही भाग कोरडा व काही ओलसर राहतो. बारीक तंतू मात्र सभोवतालची आर्द्रता सर्वत्र सारखी घेतो. म्हणजे बारीक शलाकेने केवळ चित्र रेखीव केले नाही, तर नमुना एकाच अवस्थेत आहे याची खात्री करून घेणे शक्य केले. मे १९५२ मध्ये फ्रँकलिन आणि गॉस्लिंग यांनी सुमारे ६२ तास एका तंतूवर किरण पाडून घेतलेले बी रूपाचे चित्र पुढे ५१ क्रमांकाचे छायाचित्र म्हणून विख्यात झाले. जानेवारी १९५३ मध्ये ते फ्रँकलिन यांच्या नकळत वॉटसन यांना दाखविण्यात आले, याची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती होणे योग्यच आहे. तथापि त्या चर्चेत चित्र म्हणजे जणू कोणी हस्तगत केलेला ऐवज ठरते, आणि ते घडविण्यात खर्ची पडलेले प्रयोगकौशल्य बाजूला राहते.

उपकरणाला सर्व श्रेय द्यावे असे मात्र नाही. लीड्समध्ये ॲस्टबरी यांचे सहकारी एल्विन बेटन यांनी १९५१ मध्येच डीएनएची अशी चित्रे घेतली होती की ज्यांत तिरप्या फुलीची आकृती स्पष्ट दिसते. ॲस्टबरी यांनी ती प्रसिद्ध केली नाहीत. ती आकृती सर्पिलाची खूण आहे हे वाचण्यासाठी जी गणिती दृष्टी लागत होती ती त्या प्रयोगशाळेत नव्हती.

शलाकेचा नवा उगम

फ्रँकलिन १९५३ मध्ये बर्कबेकला गेल्या आणि विषाणूंच्या रचनेकडे वळल्या. तेथे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांत केनेथ होम्स हे होते. पुढे हायडेलबर्ग येथे होम्स यांनी कीटकांच्या उड्डाणस्नायूंचा अभ्यास हाती घेतला. जिवंत हालचालीतील स्नायूचे चित्र घ्यावयाचे तर ६२ तास कोण थांबणार? हॅम्बुर्ग येथील डेझी या कणत्वरकात इलेक्ट्रॉन वर्तुळाकार फिरताना वाया जाणारे प्रारण वापरता येईल का, याचा प्रयत्न गेर्ड रोझेनबाउम, होम्स आणि जाँ विट्झ यांनी केला आणि १९७१ मध्ये स्नायूचे विवर्तन-चित्र प्रसिद्ध केले. कणभौतिकीच्या दृष्टीने जे उपद्रवी नुकसान होते तेच तंतूच्या अभ्यासकांना वरदान ठरले. सिंक्रोट्रॉनवरील क्ष-किरण विवर्तनाच्या या पहिल्या प्रयोगाचा नमुना तंतुमय होता आणि त्यामागे फ्रँकलिन यांची शिष्यपरंपरा होती, या गोष्टीची नोंद व्हावयास हवी.

याच सुमारास व पुढे क्ष-किरण एकवटण्याचे मार्गही खुले होत गेले. अत्यंत लहान कोनात आरशावर आदळलेले किरण परावर्तित होतात या तत्त्वावर कर्कपॅट्रिक व बाएझ यांनी १९४८ मध्येच एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन वक्र आरशांची योजना मांडली होती. कॉर्नेल येथे बिल्डरबॅक आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये निमुळत्या काचनळीतून किरण नेऊन ५० नॅनोमीटरपर्यंतची शलाका मिळविली. ग्रेनोबल येथे स्निगिरेव्ह यांनी १९९६ मध्ये ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात ओळीने छिद्रे पाडून भिंग तयार केले. क्ष-किरणांच्या बाबतीत धातूतील पोकळी हीच बहिर्गोल भिंगाचे काम करते. रॉन्टजेन यांना जे जमले नाही ते शंभर वर्षांनी एका सुमार दिसणाऱ्या ठोकळ्याने साधले.

तंतूच्या आत

ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉन १९९४ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. ८४४ मीटर परिघाच्या त्या वलयावर ख्रिश्चन रीकेल यांच्या पुढाकाराने सूक्ष्मशलाकेचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. तेथील कामाने तंतूंच्या अभ्यासाचे स्वरूप बदलले. आता शलाका तंतूपेक्षा बारीक होती. एकाच तंतूवर ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत टप्प्याटप्प्याने सरकवीत प्रत्येक बिंदूचे स्वतंत्र चित्र घेता येऊ लागले.

केव्हलारचे उदाहरण घ्यावे. स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधील शोधातून निघालेला हा तंतू सुमारे १२ मायक्रोमीटर जाडीचा असतो. तंतूची साल व गाभा यांची रचना सारखी नसावी, असा अंदाज इतर पुराव्यांवरून पूर्वीपासून होता. जुडीच्या चित्रात मात्र दोन्हींची सरासरीच हाती येई. सूक्ष्मशलाकेने एकाच तंतूच्या रुंदीवर साखळ्यांची दिशा बिंदूगणिक कशी बदलते ते दाखविता आले. तंतू ताणाखाली असताना भार कोणता भाग घेतो हा अभियंत्यांचा प्रश्न त्यामुळे प्रयोगाच्या कक्षेत आला.

कोळ्याच्या धाग्याबाबत रीकेल आणि प्राणिशास्त्रज्ञ फ्रिट्झ व्होलरॉथ यांनी केलेला प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. या धाग्याची जाडी अवघी काही मायक्रोमीटर. मऊ द्रव्यात विखुरलेले अतिसूक्ष्म स्फटिक हे त्याच्या चिवटपणाचे रहस्य. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोळ्याला शलाकेजवळच बसवून त्याच्या ग्रंथीतून धागा हळूहळू ओढण्यात आला आणि तो बाहेर पडत असतानाच त्याची चित्रे घेण्यात आली. ॲस्टबरी यांनी केस शलाकेसमोर धरला होता. येथे तंतू निर्माण होण्याची क्रियाच शलाकेसमोर आणली गेली.

त्याच वर्षी हेल्गा लिख्टेनेगर, पीटर फ्रात्झल आणि सहकाऱ्यांनी स्प्रूसच्या लाकडाचा पातळ आडवा छेद २ मायक्रोमीटरच्या शलाकेखाली सरकवून पेशीभित्तिकेचा नकाशा काढला. सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू प्रत्येक पेशीभोवती ठरावीक हाताच्या मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेले आहेत हे त्यातून दिसले. वेढे उजवे की डावे हे जुडीच्या किंवा जाड फळीच्या चित्रावरून कळणे शक्यच नव्हते, कारण पेशीच्या समोरासमोरील भिंतींची चित्रे एकमेकांवर पडून परस्परांना झाकतात.

केसांच्या बाबतीत मात्र याच वर्षी एक इशारा देणारी घटना घडली. स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांच्या केसांच्या विवर्तन-चित्रात एक विशिष्ट वर्तुळ दिसते, असा दावा व्हेरॉनिका जेम्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात केला. एका केसावरून रोगनिदान होण्याची ती आशा साहजिकच दूरवर पोचली. काही महिन्यांतच फ्रान्समधील एका गटाने स्वतंत्र तपासणी करून त्याच नियतकालिकात कळविले की हे वर्तुळ आणि रोग यांचा असा संबंध दिसत नाही. निरोगी व्यक्तींच्या केसांतही ते आढळते. तीव्र शलाकेला पूर्वी न दिसलेल्या अनेक खुणा दिसू लागतात. त्यांतील कोणती खूण रचनेची, कोणती वरवरच्या मेदाची, आणि कोणती व्यक्तीव्यक्तींमधील सामान्य फरकाची, हे ठरविण्यास केवळ उपकरण पुरत नाही. पुरेसे नमुने आणि रुग्णाची माहिती दडवून केलेली तुलना लागते. जुडीची सरासरी ही अडचण होती हे खरे, पण सरासरीत एक सावधपणाही होता. एका तंतूवरून बोलणाऱ्याला तो तंतू प्रातिनिधिक आहे हे दर वेळी नव्याने सिद्ध करावे लागते.

आणखी एक मर्यादा शलाकेच्या स्वभावातच आहे. एकवटलेले किरण ज्या बिंदूचे चित्र घेतात तोच बिंदू मोडतात. साखळ्या तुटतात, स्फटिक विस्कळीत होतात आणि ठिपके फिके पडू लागतात. सेल्युलोज आणि प्रथिने या बाबतीत विशेष नाजूक. केव्हलारसारखे सुगंधी वलयांचे बहुवारिक अधिक सोशिक. म्हणून नमुना द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने थंड ठेवणे, किरणांचा काळ सेकंदाच्या अंशापर्यंत आणणे आणि प्रत्येक चित्रासाठी तंतूचा ताजा भाग पुढे सरकविणे या पद्धती रूढ झाल्या.

भारतात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, आणि त्यावरील अनेक शलाकाकेंद्रे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली आहेत. ग्रेनोबलचे वलय डिसेंबर २०१८ मध्ये बंद करून पूर्णपणे नव्याने बांधण्यात आले आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते अनेक पटींनी अधिक तेजस्वी शलाकेसह पुन्हा सुरू झाले. किंग्ज कॉलेजातील डीएनएचा तंतू ६२ तास एकाच जागी किरण सोसत राहिला होता. अशा शलाकेखाली प्रथिनाच्या तंतूचा एखादा बिंदू सेकंदभरही धड टिकत नाही. चित्र त्यापूर्वी घ्यावे लागते, आणि पुढचे चित्र शेजारच्या बिंदूचे असते.